वाड्याच्या चौकांत ‘शारदा’

जुन्या संगीत नाटकांच्या पुनरुज्जीवनाचा विषय निघाला म्हणजे बहुधा दोनच अडचणी पुढें मांडल्या जातात. गाणारे नट कोठून आणावयाचे ही एक, आणि नाट्यगृहाचा खर्च कसा भागवावयाचा ही दुसरी. पहिली खरी आहे. दुसरी मात्र आपली आपणच ओढवून घेतलेली आहे, असें मला वाटतें. आणि तें कां वाटतें एवढेंच आज सांगावयाचें आहे.

आमच्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. माझ्या तोंडीं सवयीनें अजून नगरच येतें. या जिल्ह्यांतील पाथर्डी, शेवगांव, जामखेड या तालुक्यांत गोविंद बल्लाळ देवलांचें ‘संगीत शारदा’ करावें, आणि तें रंगमंचावर न करतां एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकांत करावें, अशी माझी सूचना आहे. प्रेक्षकांनीं तेथें प्रेक्षक म्हणून बसावयाचें नाहीं. लग्नास आलेलें वऱ्हाड म्हणून बसावयाचें.

ही सूचना कोणास चमत्कारिक वाटेल. परंतु मराठी नाटक जन्मलें तें कांहीं नाट्यगृहांत नव्हे. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तें संस्थानाधिपति चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें, दरबारी मंडळींसमोर. पुढें मुंबईस तिकिटाचे खेळ सुरू झाले. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहांत झालें. आणि बालगंधर्वांच्या काळीं पडद्यांची व वस्त्राभरणांची शोभा इतकी वाढली कीं, त्यावांचून संगीत नाटक होतच नाहीं अशी समजूत दृढ झाली. गोमंतकांत ही समजूत फारशी शिरली नाहीं. तेथें देवळांच्या उत्सवांत गांवकरीच तोंडास रंग लावून देवळाच्या प्रांगणांत संगीत नाटकें करतात, आणि ती चाल अद्याप जिवंत आहे. तळकोंकणांतील दशावताराला तर एक बाकडें पुरतें. तेंच सिंहासन होतें, तेंच रथ होतें.

परदेशांतहि हा विचार नव्यानें सुरू झालेला आहे. लंडनच्या टूटिंग भागांत २०१४ सालीं एका मंडळीनें स्टीफन साँडहाइम यांचें ‘स्वीनी टॉड’ हें १९७९ सालचें संगीत नाटक, मांस भरून भाजलेल्या कणकेच्या पदार्थांसाठीं प्रसिद्ध असलेल्या एका खऱ्याखुऱ्या खाणावळींत केलें. नाटकाची कथाच तसल्या एका भयंकर खाणावळीची आहे. प्रेक्षक तेथल्याच बाकांवर बसले आणि नट त्यांच्या मेजांमधून गात फिरले. २०१७ मध्यें तोच प्रयोग न्यूयॉर्कला गेला, तेव्हां तेथील नाट्यगृहाला खाणावळीचें रूप द्यावें लागलें. आपणांस वाड्याचें सोंग आणण्याचें कारण नाहीं. वाडे आहेत, त्यांतले पुष्कळ रिकामे आहेत, आणि दर पावसाळ्यांत एखादा तरी ढासळतो आहे.

आतां ‘शारदा’च कां? गाण्याच्या दृष्टीनें पाहिलें तर ‘सौभद्र’ अधिक रसाळ, हें मी मान्य करतों. पण ‘सौभद्रा’ची द्वारका वाड्यांत मावत नाहीं, आणि ‘शारदे’चें घर म्हणजे वाडाच आहे. १८९९ सालीं रंगभूमीवर आलेल्या या नाटकांत कांचनभट हा बाप पैशाच्या लोभानें आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नांवाच्या धनाढ्य म्हाताऱ्यास देऊं करतो. भद्रेश्वर दीक्षित हा त्यांतला दलाल. आई इंदिराकाकू जाणते आणि तळमळते. मुलीला कोणी विचारीत नाहीं. कोदंड हा तरुण खटपट करतो, आणि ऐन लग्नघटकेस वर व वधू सगोत्र असल्याचें निघून लग्न मोडतें. लक्षांत घ्या, लग्न मोडतें तें मुलगी लहान आहे म्हणून नव्हे. गोत्र जुळलें म्हणून. देवलांचा हा टोला मला सर्व पदांहून अधिक तीक्ष्ण वाटतो.

जातां जातां एक गोष्ट सांगून टाकतों. ‘शारदा कायदा’ हें नांव या नाटकावरून पडलें असें पुष्कळ शिकलेली माणसेंहि समजतात. तें अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या नांवावरून पडलें. तो कायदा १९२९ सालचा. अंमलांत आला १९३० च्या एप्रिलांत, आणि त्यानें मुलीची मर्यादा चौदा वर्षें ठरविली. १९७८ सालीं ती अठरा झाली, आणि २००६ सालीं नवा बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. त्या कायद्याच्या ११ व्या कलमांत, असा विवाह घडवून आणणें किंवा होऊं देणें यांच्या जोडीला त्यास उपस्थित राहणें याचाहि उल्लेख केलेला आहे. माझ्या सूचनेंतलें वऱ्हाड आलें तें या एका शब्दावरून.

कारण आमच्याकडे ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाहीं. मीं ज्या तालुक्यांचीं नांवें घेतलीं, तेथून ऊस तोडणाऱ्यांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यांत परततात. नवराबायकोच्या जोडीला तेथें ‘एक कोयता’ म्हणतात. उचल मिळते ती कोयत्याच्या हिशेबानें. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. मुलाचें लग्न झालें कीं घरांत एक कोयता वाढतो, आणि वयांत येऊं लागलेली मुलगी मागें कोणाच्या भरंवशावर ठेवावी ही आईबापांची धास्ती असते ती वेगळीच. मीं पुष्कळ वर्षें वर्गांत हजेरी घेतली आहे. दिवाळीची सुटी संपली कीं आठवी-नववीच्या हजेरीपटावर मुलीचें नांव राहतें, मुलगी राहत नाहीं. विचारावें तर वर्गांतल्या साऱ्या मुली खालीं पाहतात. त्यांना ठाऊक असतें. गांवाला ठाऊक असतें. बहुतेक जण जेवूनहि आलेले असतात.

येथें कोणी म्हणेल कीं, ‘शारदे’तला वर म्हातारा व श्रीमंत, आणि तुमच्याकडील वर विशीचा व गरीब, मग या नाटकाचा येथें काय उपयोग? आक्षेप योग्य आहे. पैशाचा लोभी कांचनभट आणि कर्जांत बुडालेला मजूर यांस एका मापानें मोजणें अन्यायाचें होईल, आणि प्रयोगांत तसें सुचविलेंहि जाऊं नये. पण वऱ्हाड दोहींकडे सारखेंच आहे. रंगमंचावर ‘शारदा’ पाहणारा मनुष्य अंधारांत बसून भुजंगनाथाला हंसतो व घरीं जातो. चौकांत बसलेल्याला हातांत अक्षता घेऊन बसावें लागतें.

व्यवस्था फार अवघड नाहीं. दीडशेंच्या वर माणूस घेऊं नये. दिंडीदरवाजांत कांचनभटानें स्वतः उभें राहून ‘यावें, यावें’ म्हणत प्रत्येकाचें स्वागत करावें व मूठभर अक्षता द्याव्यात. पुरुषांनीं ओसरीवर व चौकांत बसावें. बायकांना माडीच्या कठड्याशीं जागा द्यावी, म्हणजे इंदिराकाकूचें बोलणें माजघराच्या दारांतून त्यांच्याकडे वर जाईल. शारदा व तिच्या मैत्रिणी यांचे प्रवेश तुळशीवृंदावनापाशीं. भुजंगनाथ मात्र वाजंत्र्यांसह रस्त्यानेंच यावा, म्हणजे ज्यांना आंत जागा मिळाली नाहीं त्यांनाहि तो दिसेल.

ध्वनिक्षेपक नको. जुने नट त्यावांचूनच गात, आणि लांकडी तुळयांचा चौक आवाज परत देतो. उघड्या मैदानांत तो विरून जातो. पायपेटी व तबला ओसरीच्या कोपऱ्यांत ठेवावा. पदें निम्मीं केलीं तरी चालेल, परंतु मैत्रिणी म्हाताऱ्या वराची थट्टा करतात तें पद व शारदेचें भयाचें पद हीं दोन पूर्ण व्हावींत. दुसऱ्या पदाला ‘वन्स मोअर’ द्यावयाचा नाहीं, हें सूत्रधारानें नांदीनंतरच सांगून ठेवावें. या एका खोडीनें आमच्या संगीत नाटकांत किती करुणरस वाया गेला, त्याची गणती नाहीं.

शारदेचें काम कोणी करावें, याविषयीं माझे कांहीं गायक स्नेही माझ्याशीं भांडतात. पूर्वीं तें मुलगे करीत. केशवराव भोसले बालवयांतच त्या भूमिकेनें नांवारूपास आले. माझ्या मतें तें शाळेंतल्या मुलीनेंच करावें. आवाज कमावलेला नसेल, तान फिरणार नाहीं. सुरांत असला म्हणजे झालें. पस्तिशीच्या गायिकेनें तें पद कितीहि सुंदर म्हटलें तरी कान गाण्याकडे जातो. नववींतली मुलगी अंतरपाटामागें उभी राहिली कीं लोक तिच्या उंचीकडे पाहतात.

नाटकाचे हक्क आड येत नाहींत. देवल १९१६ सालींच वारले. परिनिरीक्षण मंडळाचें प्रमाणपत्र मात्र वेळेवर काढून ठेवावें. ग्रामसेवकालाहि बोलवावें, कारण गांवपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो. त्याला भाषण करावयास लावूं नये, वऱ्हाडांत बसवावें.

पहिला प्रयोग नवरात्रांत, टोळ्या निघण्यापूर्वीं व्हावा. उचल घेतलेली असते आणि लग्नाचीं बोलणीं घरोघर चाललेलीं असतात, ती हीच वेळ. दुसरा अक्षय्य तृतीयेच्या आधीं, माणसें परत आल्यावर. मंगलाष्टकें चालूं असतां कोणीं अक्षता टाकल्या व कोणीं टाकल्या नाहींत, याची चर्चा प्रयोगानंतर तेथेंच करूं नये. दिवे मालवावेत व दिंडी उघडावी. अक्षता कोणी मुठींत धरून घरीं नेल्या तर नेऊं द्याव्यात.