सांगोवांगी की डोळ्यांदेखत?

 

आज आम्ही आमची एक चूक सांगणार आहोत. जिच्याशी आम्ही चुकलो, तिला विचारूनच सांगतोय. नाव मात्र कुणाचंच घेणार नाही.

आमच्या गटातल्या एका वहिनीनं गटाच्या कर्जातून म्हैस घेतली. दोन-अडीच महिने दूध चांगलं निघालं, मग एकदम निम्म्यावर आलं. म्हैस खात होती, ताप नव्हता, कासेला सूजही दिसत नव्हती. हप्ता थकायला लागला. वहिनीच्या सासूबाई देवऋष्याकडे गेल्या. त्यानं तांदूळ टाकले आणि सांगितलं, "उगवतीच्या बाजूची एकटी बाई आहे. तिनं दूध बांधलंय."

उगवतीला आमच्या गटातल्याच एक विधवा मावशी राहतात. झालं. एक म्हणाली, "अवसेच्या संध्याकाळी मावशी गोठ्याजवळ दिसल्या होत्या." दुसरी म्हणाली, "माझं करडूही त्यांनी हात लावल्यावरच मेलं." हळदीकुंकवाला त्यांना बोलवायचं बंद झालं. पुढच्या बैठकीत मावशींना गटातून काढायचा ठराव आला. आम्ही बारा जणी होतो. मावशी खाली मान घालून बसलेल्या. ठराव वहीत लिहायला सुरुवातही झाली होती.

तेवढ्यात आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "थांबा गं जरा." काकू कधीतरी बांधाच्या वादात साक्षीला तालुक्याच्या कोर्टात गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिथं माझ्या बांधापायी मला इतकं खोदून खोदून विचारलं. इथं बाईचं आयुष्य पणाला लागलंय आणि आपण काहीच विचारत नाही?"

मग आम्ही कोर्टासारखं विचारायचं ठरवलं.

पहिला प्रश्न, सिद्ध कुणी करायचं? कायदा सांगतो, जो म्हणतो त्यानं सिद्ध करायचं. आम्ही मात्र मावशींनाच विचारत होतो, "तुम्ही नाही केलं तर दाखवा!" आता जे केलंच नाही, ते माणूस दाखवणार कसं?

दुसरा प्रश्न, स्वतः पाहिलं की ऐकलं? कोर्टात साधारण नियम असा, की पाहिलेली गोष्ट असेल तर जिनं डोळ्यांनी पाहिली तिनंच सांगायची. सांगोवांगी चालत नाही. अवसेला मावशींना पाहिलं कुणी, असं विचारत गेलो. हिनं तिच्याकडून ऐकलं होतं, तिनं जावेकडून. जाऊ म्हणाली, "अवस होती का ते आठवत नाही. कुणीतरी पाण्याची घागर घेऊन चाललं होतं एवढं खरं." सार्वजनिक नळाची वाट तिथूनच जाते. त्या वाटेनं आम्ही सगळ्याच जातो.

तिसरी, उलटतपासणी. देवऋष्याला विचारता आलं नाही, पण त्याचं बोलणं तपासता आलं. उगवतीला एकट्या बायका किती? मोजल्या तर चार निघाल्या. मग मावशीच का? कारण त्यांच्या बाजूनं बोलणारं घरात कुणी नव्हतं. शिवाय दूध 'सोडवायला' देवऋषी पैसे आणि कोंबडा मागत होता. ज्याचा स्वतःचा फायदा आहे, त्याची साक्ष कोर्ट जपून ऐकतं.

चौथा प्रश्न, दुसरं काही कारण असू शकतं का? प्रत्यक्ष पाहणारं कुणी नसेल आणि नुसत्या परिस्थितीवरून गुन्हा ठरवायचा असेल, तर साखळीचा एकेक दुवा जुळला पाहिजे आणि दुसरं कुठलंही कारण शिल्लक राहता कामा नये. सर्वोच्च न्यायालयानं 1984 च्या एका निकालात हे नीट मांडून ठेवलंय. आम्ही दुसरं कारण शोधलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यक आले. चारी सडांचं दूध वेगवेगळं घेऊन त्यात औषध मिसळलं. दोन सडांचं दूध जेलीसारखं चिकट झालं. म्हशीला दगडी होती, वरून न दिसणारी. औषध झालं, दूध पुष्कळसं वर आलं. आणि ज्या करडाचं खापर मावशींवर फोडलं, त्याला पावसाळ्याआधीची आंत्रविषाराची लसच दिलेली नव्हती.

आणि समजा, मावशींनी भीतीपोटी "हो, केलं मी" म्हटलं असतं तर? धमकावून किंवा आमिष दाखवून घेतलेली कबुली कोर्ट धरत नाही. मार चुकवायला माणूस काहीही कबूल करतं. अशा कबुलीवरून ठिकठिकाणी बायकांची धिंड निघालीय, जीवही गेलेत.

मैत्रिणींनो, हे नियम आपल्याकडे परके नाहीत. जुन्या धर्मशास्त्रातही आधी लेख, वहिवाट आणि साक्षीदार पाहायला सांगितलंय. ते नसेल तरच दिव्य. आपण सहज म्हणतो ना, "मोठं दिव्य केलं"? त्याचं मूळ इथं आहे. मराठेशाहीतल्या न्यायसभांमध्ये माणसाला कधी कधी उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायला लावत. मग हात बांधून ठेवत. काही दिवसांनी हात सोडून बघत. भाजला तर खोटा, नाहीतर खरा. देव खऱ्याला राखतो, हा विश्वासच तिथं पुरावा होता. पण उकळतं तेल खऱ्याखोट्याला ओळखत नाही. दिव्य मागे पडलं आणि 1872 साली पुराव्याचा कायदा आला. आता 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 लागू आहे. वर सांगितलेले नियम त्यातही आहेत.

आमच्या बैठकीत एक आजी रागावल्या. म्हणाल्या, "उद्या माझ्या देवीलाही पुरावा मागाल!" आम्ही यावर खूप बोललो. आजी देवीपुढे दिवा लावतात, त्यांच्या मनाला आधार मिळतो. त्यात कुणावर आरोप नाही, कुणाचं नुकसान नाही. घटनेच्या 25 व्या कलमानं तो हक्क दिलाय. पण श्रद्धेच्या नावानं शेजारणीकडे बोट दाखवलं, की तो आरोप झाला. आरोपाला पुरावा लागतोच. आणि देवऋष्याचा गुण येतो असं कुणी म्हणत असेल, तर ज्यांना गुण आला नाही त्यांनाही विचारा. गुण आलेल्या बायका चावडीवर सांगतात, न आलेल्या घरात गप्प बसतात. एकाच बाजूचे साक्षीदार ऐकून निकाल देता येत नाही. आजी शेवटी म्हणाल्या, "देवी माझी आहे. तिचं नाव घेऊन दुसऱ्यानं पैसे उकळायचे नाहीत." आम्हाला ते पटलं.

महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणा प्रतिबंधक कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रानं गुरांचं दूध आटवते, असं म्हणून तिला जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. हो, जनावराच्या दुधाचा उल्लेखही कायद्यात आहे! साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-दोरे करणं हाही गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत. वारी, यात्रा, कीर्तन, भजन, घरची पूजा यांना हा कायदा हात लावत नाही. कुणी उलटं सांगितलं तर घाबरू नका. तक्रार पोलीस ठाण्यात करायची. अंगावर यायची वेळ आली तर 112 ला फोन लावायचा.

आमच्या ठराव वहीत तो अर्धा लिहिलेला ठराव अजून आहे. आम्ही तो खोडला नाही. त्याखाली माफीचा ठराव लिहिला आणि बारा जणींनी सह्या केल्या. मावशींनीही केली. त्या बैठकीला येतात, हप्ता वेळेवर भरतात. पण चार महिने झाले, त्या आमच्यातल्या कुणाच्याही घरी चहा घेत नाहीत. आम्हीही आग्रह करत नाही. घेतील तेव्हा घेतील.

तुमच्या गटात असा विषय निघाला, तर वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहून ठेवा. म्हणतंय कोण? स्वतः पाहिलं का? सांगणाऱ्याचा फायदा काय? दुसरं कारण तपासलं का? आणि एवढं करूनही शंका राहिली, तर त्या शंकेचा फायदा जिच्यावर आरोप आहे तिला द्या. आम्ही हे उशिरा शिकलो. तुम्ही ठराव लिहायच्या आधीच विचारा.