दगडातील चाकोरी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



अमेरिकेतील माझ्या प्रवासाविषयी दोन शब्द सांगावेत अशी आपल्या चिटणिसांची आज्ञा झाली. मी काही विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन उभा जन्म शाळेत इतिहास-भूगोल शिकविण्यात घालविलेला एक साधा मास्तर. म्हणून उंच इमारतींचे वर्णन न करता तेथील एका चाकोरीविषयीच सांगतो.

माझे चिरंजीव डेन्व्हर शहरी असतात. तेथून मोटारीने सुमारे तीन तासांवर, वायोमिंग राज्यात, गर्न्सी नावाचे लहानसे गाव आहे. गावाच्या दक्षिणेस, नॉर्थ प्लॅट नदीपलीकडे, वालुकाश्माच्या एका टेकाडावर गाड्यांच्या चाकांनी कोरलेली वाट आजही स्पष्ट दिसते. काही ठिकाणी ती पाच फूट खोल आहे.

हीच ती ऑरेगॉनची वाट. मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्सपासून पश्चिमेस ऑरेगॉनपर्यंत सुमारे २,००० मैलांची. १८४० नंतरच्या तीस वर्षांत नव्या जमिनीच्या आशेने, आणि पुढे कॅलिफोर्नियातील सोन्याच्या ओढीने, लाखो माणसे पश्चिमेकडे गेली. गाड्यांना बहुधा बैल जुंपीत. ते घोड्यांहून स्वस्त, काटक आणि रानच्या गवतावर भागविणारे. दिवसाची मजल दहा-पंधरा मैल, प्रवास पाच-सहा महिन्यांचा. बैलांचा भार हलका व्हावा म्हणून बायकामुलेही बहुधा पायीच चालत. पटकीने हजारो माणसे वाटेतच दगावली. या ठिकाणी जमिनीची ठेवणच अशी, की जवळजवळ प्रत्येक गाडीला याच टेकाडावरून जावे लागे. मऊ दगडावर चाकांच्या लोखंडी धावा वर्षानुवर्षे घासत राहिल्या आणि ही चाकोरी पडली. पुढे १८६९ साली आगगाडीचा मार्ग पुरा झाला आणि महिन्यांचा प्रवास आठवड्यावर आला.

बंधूंनो, 'चाकोरी' हा शब्द आपण थोडा हिणवूनच वापरतो. वर्गात मीही मुलांना चाकोरीबाहेर पडण्याचा उपदेश करीत असे. घरी मात्र, चिरंजीवांनी कायमची नोकरी सोडून पुढील शिक्षणासाठी परदेशी जाण्याचे काढले, तेव्हा मी दोन महिने त्यांच्याशी अबोला धरला. त्यांच्या आईने आपल्या पाटल्या मोडून तिकिटाची सोय केली. त्या दगडी वाटेत उभा असता मला हे सारे आठवले. ही चाकोरी पाडणारे तर चाकोरी सोडून निघालेले लोक होते! मी म्हणालो, "बाळ, तेव्हा माझे चुकले." तो काही बोलला नाही. उतारावर मात्र त्याने माझा हात धरला.

इतक्यात माझ्या नातीने विचारले, "आजोबा, ही जमीन आधी कोणाची होती?" इतिहासाच्या मास्तराला उत्तर देणे प्राप्तच होते. ही भूमी लकोटा, शायेन, अरापाहो या लोकांची. गाड्यांच्या जनावरांनी वाटेवरचे गवत संपविले आणि तेथील लोकांचा ज्यावर निर्वाह चाले ते रानगवे विरळ झाले. १८५१ साली फोर्ट लॅरमीचा तह होऊन, वाट मोकळी ठेवण्याच्या बदल्यात त्यांना दरसाल ५०,००० डॉलरांचा माल पन्नास वर्षे द्यावयाचे ठरले. सिनेटने ती मुदत दहा वर्षांवर आणली. पुढे युद्धे झाली आणि बहुतेक भूमीही गेली. जी वाट एकाची आशा होती, तीच दुसऱ्याचा घात ठरली. हे नातीला सांगताना माझा स्वर खाली गेला.

जवळच रजिस्टर क्लिफ नावाच्या कड्यावर अनेक प्रवाशांनी आपली नावे कोरून ठेविली आहेत. त्यांतील कित्येक नावांवर मागाहून आलेल्यांनी आपली नावे कोरल्याने जुनी नावे पुसली गेली. चाकोरीवर कोणाचेच नाव नाही, आणि ती टिकून आहे.

म्हणून आपल्या ज्ञातीतील आईबापांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलगा असो वा मुलगी, नवी वाट धरू पाहील तर माझ्यासारखा अबोला धरू नका. शिदोरी बांधून द्या. आणि निघणाऱ्या तरुणांनो, आपले चाक कोणाच्या शेतातून जात आहे, एवढे मात्र वळून पाहत जा.