वेळीच विचारले असते तर



माझे वय आज सत्तरीच्या पुढे गेले आहे. विशीत कळावयास हवी होती अशी एक गोष्ट मला पंचावन्नाव्या वर्षी कळली. हक्क कायद्याने मिळतो. पण तो पदरात पडतो कागदाने.

माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले होते. १९५६ साली त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि जुन्या जातीचे नाव असलेला शाळेचा दाखला चुलीत घातला. ‘जी जात सोडली तिचा कागद घरात कशाला?’ असे ते म्हणत. त्यांचा स्वाभिमान मला तेव्हाही पटत होता, आजही पटतो. परंतु आपण कोणत्या गावच्या शाळेत शिकलात, एवढे मी त्यांना कधी विचारले नाही.

ते गेल्यावर काही वर्षांनी माझ्या धाकट्या मुलाच्या प्रवेशाची वेळ आली. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा. म्हणून पडताळणीच्या वेळी त्या तारखेपूर्वीचा पुरावा मागितला गेला. वडिलांचे बालपण मामाच्या गावी गेले, की आत्याच्या, हे सांगणारे कोणीही उरले नव्हते. आम्ही तीन तालुके पालथे घातले. अखेर एका शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांचे नाव सापडले. पण मुदत टळली होती. मुलाचे एक वर्ष वाया गेले.

बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० सालच्या दुरुस्तीपर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, थांबावे लागले. इतक्या प्रतीक्षेनंतर आलेला हक्क एका उताऱ्यावाचून दाराशी अडावा, याहून खेदाची गोष्ट कोणती? त्या जुन्या कागदाची लाज आपण का बाळगावी? आपल्या पूर्वजांवर काय लादले गेले होते, याची ती सरकारी साक्ष आहे.

म्हणून माझे आपणांस सांगणे आहे. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांजवळ बसा. गाव कोणते, शाळा कोणती, नाव कसे लिहिले होते, हे विचारून वहीत उतरवून घ्या. शाळेच्या रजिस्टराचा उतारा आणि तहसील कचेरीतून कोतवाल बुकाची नक्कल मागा. मूल जन्मले की एकवीस दिवसांच्या आत नोंद करा. मुलगी सासरी गेली तरी तिच्या जातीचा पुरावा वडिलांकडचाच लागतो. तेव्हा तिचे कागद माहेरच्या ट्रंकेत पडू देऊ नका. प्रत्येक कागदाची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. घराला आग लागते, पूरही येतो.

वडिलांना तो प्रश्न विचारण्यास मला एक सायंकाळ पुरली असती. आपल्या घरी ती सायंकाळ अद्याप शिल्लक असेल, तर ती दवडू नका.

जयभीम.