अभ्यासक्रम फुकट, प्रमाणपत्र विकत



एखाद्या विद्यापीठाने विद्यार्थ्याच्या हाती प्रमाणपत्र ठेवले म्हणजे ते त्या विद्यार्थ्याचे साक्षीदार झाले. ह्या व्यक्तीला अमुक एक विषय येतो आणि तो आम्ही तपासून पाहिला आहे, असे विद्यापीठ त्रयस्थाला, म्हणजे बहुधा नोकरी देणाऱ्याला, सांगत असते. साक्ष खोटी ठरली तर साक्षीदाराची पत जाते. प्रमाणपत्रामागचा सारा व्यवहार एवढाच आहे, आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या आजच्या पसाऱ्यात नेमका तोच नासत चालला आहे.

साक्षीदाराचे महत्त्व मराठवाड्याला निराळे सांगण्याची गरज नाही. निजामी राजवटीत येथील मराठी मुलाला पदवीसाठी उस्मानिया विद्यापीठाचा उंबरठा चढावा लागे, आणि तोही उर्दू माध्यमातून. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले. तेच पुढचे मिलिंद. तरीही परीक्षेची सत्ता हैदराबादेसच होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा कुठे या भूमीला आपल्या मुलांची साक्ष आपण देण्याचा अधिकार मिळाला. त्या विद्यापीठावर बाबासाहेबांचे नाव असावे असा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला आणि तो १४ जानेवारी १९९४ रोजी अमलात आला. प्रमाणपत्र म्हणजे नुसता कागद असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या सोळा वर्षांत दलितांची किती घरे जळाली हे आठवावे.

आता ऑनलाइन प्रमाणपत्राकडे वळू. २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक अभ्यासक्रम जगाला खुला केला. नोंदणी झाली सुमारे १ लाख ६० हजारांची. शेवटपर्यंत टिकले वीस हजारांच्या आसपास. त्यांना अध्यापकांचे एक पत्र मिळाले, विद्यापीठाचे श्रेयांक मिळाले नाहीत. व्याख्यान कोणालाही द्यावे, पण साक्ष द्यायची वेळ आली की हात आखडता घ्यावा, ही धनिक विद्यापीठांची रीत तेव्हापासूनची आहे. मागाहून ह्या क्षेत्रात कंपन्या उतरल्या. आरंभी फुकट मिळणारी प्रमाणपत्रे काही वर्षांतच विकत झाली. ऐकणे फुकट आणि ऐकल्याचा पुरावा पैसे टाकून, ही बाजारपेठेची युक्ती सरकारी व्यवस्थेनेही उचलली.

केंद्र सरकारचे ‘स्वयं’ हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. त्यावरील अभ्यासक्रम कोणालाही विनामूल्य पाहता येतात, ही गोष्ट निःसंशय चांगली आहे. त्यातील आयआयटींच्या एनपीटीईएल योजनेची रीत पाहा. दर आठवड्याचे गृहपाठ २५ गुणांचे, केंद्रावर देखरेखीखाली होणारी परीक्षा ७५ गुणांची. दोन्हींत किमान गुण मिळाले तर प्रमाणपत्र. साक्ष द्यायची तर अशीच तपासून दिली पाहिजे, यात वाद नाही. परंतु परीक्षेचे शुल्क एका अभ्यासक्रमाला एक हजार रुपये. काही वर्गांना सवलत आहे, ती असूनही ही रक्कम लहान नाही. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला ३१२ रुपये मजुरी होती. म्हणजे आईबापांची तीन दिवसांहून अधिक मजुरी एका विषयाच्या कागदापोटी जाते. निवडक शहरांतील केंद्रावर जाण्यायेण्याचे भाडे निराळे.

दुसऱ्या टोकाला २०२० च्या टाळेबंदीत सुरू झालेला प्रकार आहे. एक तासाचे व्याख्यान पडद्यावर चालू ठेवावे, दहा सोप्या प्रश्नांवर टिचकी मारावी, की सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र ई-मेलने हजर. महाविद्यालयांना अहवालात उपक्रमांची संख्या दाखवायची होती, अध्यापकांना पदोन्नतीच्या फायली भरायच्या होत्या. विद्यार्थ्याला त्यातून काय आले, हे विचारण्याचे कोणालाच कारण नव्हते. (त्या काळातील एकेका अध्यापकाची प्रमाणपत्रे रचून ठेवली तर एक फडताळ पुरणार नाही.) हजेरीचा दाखला आणि विषय आल्याचा दाखला ह्या दोन अगदी भिन्न वस्तू एकाच नावाने वाटल्या गेल्या.

येथे अर्थशास्त्रातील एक सिद्धांत उपयोगी पडतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली असे दाखविले की, प्रमाणपत्र हा मालकाला दिलेला संकेत असतो. आणि तो संकेत खरा केव्हा ठरतो, तर ज्याच्या अंगी कुवत अधिक त्याला तो मिळविणे सोपे व इतरांना कठीण असेल तेव्हा. ह्या कामासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हीच कसोटी येथे लावू. टिचकी मारून मिळणारा कागद सर्वांना सारखाच सोपा, म्हणून तो काहीच सांगत नाही. शुल्क भरून मिळणारा कागद पैसेवाल्याला सोपा व गरिबाला कठीण, म्हणून तो काही अंशी कुवतीबरोबर बापाचा खिसाही मोजतो. वाळूज वा शेंद्र्याच्या कारखान्यात उमेदवार निवडणाऱ्यापुढे दोन अर्ज येतात, एकावर सहा प्रमाणपत्रे आणि दुसऱ्यावर एकही नाही. दुसऱ्यानेही तीच व्याख्याने मोबाइलवर रात्ररात्र ऐकलेली असतील, पण अर्जावर ते कोठेच दिसत नाही.

इंग्रज समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड डोअर यांनी १९७६ साली ‘पदवीचा रोग’ वर्णिला. औद्योगिकीकरणाच्या वाटेवर देश जितका उशिरा येतो, तितका हा रोग तेथे तीव्र असतो, असे त्यांचे म्हणणे. नोकऱ्या थोड्या आणि उमेदवार फार असले की मालक अर्हतेची पायरी वर चढवतो, आणि काल ज्या कामाला शालान्त पुरे होते त्याला आज पदवी लागते. महाराष्ट्राने एमएस-सीआयटीच्या रूपाने ह्याचा अनुभव घेतला आहे. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन निघाले, संगणक तालुक्यातालुक्यात पोहोचला, हे श्रेय द्यावेच लागेल. पण सरकारी नोकरीसाठी तो दाखला आवश्यक झाल्यावर तो घरोघर आला. नोकऱ्या त्यामुळे वाढल्या नाहीत.

याहून गंभीर प्रश्न अध्यापकांचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयं’वरून घेण्यास मुभा दिली, २०२१ साली ती मर्यादा ४० टक्के झाली. मराठवाड्यातील कित्येक महाविद्यालये तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या बळावर चालली आहेत. रिकामी जागा भरण्याऐवजी मद्रास वा खरगपूरच्या प्राध्यापकाचे इंग्रजी ध्वनिचित्रण दाखवावे, हा मोह सरकारला आणि संस्थाचालकांना होणारच. एकेकाळी उर्दूच्या भिंतीशी अडलेला मराठी मुलगा पुन्हा परक्या भाषेच्या भिंतीशी उभा राहील, आणि ह्या खेपेला शंका विचारायला समोर माणूसही नसेल.

वस्तुतः २०१६ च्या त्याच नियमांत एक तरतूद आहे: विद्यार्थ्याच्या मूळ संस्थेने संगणक, ग्रंथालय व प्रयोगशाळेची सोय विनामूल्य करावी आणि मार्गदर्शनासाठी एक समन्वयक नेमावा. ह्या तरतुदीचा आग्रह आता धरला पाहिजे. समन्वयकाचा तास त्याच्या कार्यभारात मोजला जावा, आणि तो तास मराठीतून शंकानिरसनासाठी असावा. पदवीत धरल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमाची परीक्षा हा पदवीचाच भाग आहे. तिचे निराळे शुल्क विद्यार्थ्याने का भरावे? ते विद्यापीठाने सोसावे, आणि कन्नड, सोयगाव, पैठण, सिल्लोड येथील महाविद्यालयांत केंद्रे मिळावीत म्हणून ‘स्वयं’कडे मागणी करावी. जेथे केवळ हजेरी घेतली तेथे कागदावर ‘उपस्थिती’ असेच छापावे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर आपले प्रतिनिधी निवडून पाठवितात. अशा ठरावाचा मसुदा त्यांच्या हाती देण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.