बिलातली मागली बाकी

महावितरणच्या घरगुती बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि वीज शुल्क या ओळी दर महिन्याला दिसतात, आणि त्यांची आपल्याला सवयही झाली आहे. त्यांच्यातच 'इंधन समायोजन आकार' नावाची एक ओळ असते. तिच्यासमोर कधी शून्य असते, कधी काही पैसे, आणि एखाद्या वर्षी ती बिलाचा चांगलाच लचका तोडते. 'ही छुपी दरवाढ आहे' असे आपण सर्रास म्हणतो. मला ते पटत नाही. ही वसुली मुळात रास्त आहे. मात्र ती आधी तपासायची आणि मग करायची, हा क्रम उलटू लागला आहे, आणि रागवायचेच असेल तर त्यावर रागवायला हवे.

विजेचा दर राज्य वीज नियामक आयोग आधीच ठरवून देतो. त्यासाठी कंपनी याचिका करते, लोकांच्या हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते. वीज कायदा, २००३ च्या कलम ६२(४) प्रमाणे हा दर एका आर्थिक वर्षात एरवी एकदाच बदलता येतो. अपवाद आहे तो इंधन अधिभाराच्या, म्हणजे याच समायोजनाच्या, सूत्राचा. हा अपवाद ठेवला नसता तर काय झाले असते, हे २०२२ सालाने दाखवले. युक्रेनमधल्या युद्धाने आयात कोळसा भडकला होता, मार्च-एप्रिलच्या उन्हाने मागणी फुगली होती, देशी कोळसा पुरेना म्हणून केंद्राने औष्णिक केंद्रांना आयात कोळसा मिसळायला सांगितले. वीज बाजारातले भाव इतके चढले की केंद्रीय वीज नियामक आयोगाला युनिटला १२ रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली. यातले काहीही राज्य आयोगाच्या मार्च २०२० च्या दरनिश्चिती आदेशात गृहीत धरलेले नव्हते, धरता येणेही शक्य नव्हते. त्याच आदेशाने एक शहाणपणाची तरतूद मात्र केली होती. खर्च अंदाजापेक्षा कमी झाला तर ती बचत लगेच वाटून न टाकता महावितरणसाठी १,५०० कोटी रुपयांपर्यंत साठू द्यायची आणि महागाईच्या महिन्यांत वापरायची. बराच काळ बिलावर हा आकार दिसला नाही तो या गंगाजळीमुळे. २०२१ च्या अखेरीस ती आटली आणि २०२२ च्या पावसाळ्यात बिले कडाडली. तेव्हा सगळे भडकले, पण आधीची दोन वर्षे आपणच साठवलेल्या पैशांवर निघाली होती, हे फारसे कोणी बोलले नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. कापडाचा व्यापारी महाग सूत घेतो आणि तोटा झाला तर स्वतः सोसतो. वीज कंपनीने का सोसू नये? आक्षेप सरळ आहे, पण त्यात एक गोष्ट सुटते. व्यापारी आपला भाव स्वतः ठरवतो आणि तेजीत नफाही स्वतःच ठेवतो. वितरण कंपनीला यातले काहीच करता येत नाही. इंधनाची सगळी जोखीम तिच्या गळ्यात घातली, तर पुढच्या याचिकेत ती अंदाजच फुगवून मांडेल, आणि कोळसा स्वस्त असलेल्या वर्षीही तो फुगवटा आपल्याच बिलात राहील. त्यापेक्षा अंदाज काटेकोर धरावा आणि फरक नंतर वळता करावा, हे ग्राहकाच्याच हिताचे.

पण हा युक्तिवाद टिकतो तो फरक कोणीतरी तपासतो या भरवशावर. या एका ओळीत नुसता कोळसा नसतो. बाजारातून ऐनवेळी घेतलेली वीज त्यात असते, आणि करारातल्या 'कायद्यातील बदल' या कलमाखाली वीज उत्पादकांना मिळणारी भरपाईही वीजखरेदीच्या खर्चातच धरली जाते. यातले काही अटळ असते, तर काही ढिसाळ नियोजनाचे फळ. आपल्या आयोगाच्या सूत्रात याची एक चांगली चाळणी आहे: वितरण गळती मंजूर पातळीपेक्षा जास्त असेल, तर त्या जादा गळतीपायी येणारा भार समायोजनातून वगळला जातो. म्हणजे आकडेमोड कोणी नीट पाहिली की पैसे वाचतात, याचा पुरावा आयोगाच्याच आदेशांत आहे. केंद्राच्या डिसेंबर २०२२ च्या नियमांनी मात्र वेगळी दिशा दाखवली. एखाद्या महिन्याच्या खर्चातला फरक त्यानंतरच्या दुसऱ्या महिन्याच्या बिलात आपोआप लावायचा. वाढ ५ टक्क्यांच्या वर गेली तर ५ टक्के आपोआप, वरच्या रकमेतले ९० टक्केही आपोआप, आणि उरलेले १० टक्के तेवढे आयोगाच्या मंजुरीनंतर. म्हणजे पैसे आधी जातात, हिशोब मागाहून होतो.

या नियमांच्या बाजूनेही सबळ मुद्दा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. वसुली लांबली की व्याज चढते, आणि ते व्याजही ग्राहकच भरतो. दिल्लीत वितरण कंपन्यांची येणी वर्षानुवर्षे 'नियामक मत्ता' म्हणून पुढे ढकलली गेली. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती मुदतीत फेडण्याचा आदेश द्यावा लागला. हे मान्यच. पण त्यातून निघते ते एवढेच की वसुली लवकर व्हावी. तपासणी उशिरा व्हावी असे त्यातून निघत नाही. कोणाकडून किती युनिट, काय भावाने घेतले, हा तपशील कंपनीपाशी महिनाअखेर तयारच असतो, नाहीतर आकार काढता येणार कसा? तोच तपशील आकारणीआधी मराठीत जाहीर करायला आणि आयोगाने चार आठवड्यांत त्यावर प्राथमिक शेरा द्यायला व्याजाचा अडसर येत नाही. ज्या कंपनीला प्रत्येक जादा रुपया विनासायास परत मिळणार, ती कोळशाच्या दर्जावरून पुरवठादाराशी कशाला भांडेल?

आणखी एक गोष्ट बिलावर उघड असूनही नजरेतून निसटते. २०२२ च्या त्या आकारणीत पहिल्या १०० युनिटांना ६५ पैसे आणि १०१ ते ३०० च्या टप्प्याला १ रुपया ४५ पैसे असा दर होता. कोळसा सगळ्यांना सारखाच महागला, मग टप्पे कशाला, असे विचारले जाते. कमी वापराच्या घरावर भार कमी, हे धोरण मूळ दरातच आहे, ते इथेही असावे. त्यात मला वावगे दिसत नाही. वावगे आहे ते पुढचे. २५० युनिट वापरणाऱ्या घराला समायोजनापोटी २८२ रुपये ५० पैसे पडले. त्यावर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे आणखी ४५ रुपये २० पैसे. हे पैसे महावितरणला मिळत नाहीत, कोळसा खाणीलाही नाही. ते राज्याच्या तिजोरीत जातात. इंधन महागले म्हणून शासनाने कोणतीही जादा सेवा दिलेली नसते, तरी त्याचे उत्पन्न वाढते. शुल्क हा महसुलाचा भाग आहे, तो बुडवून कसे चालेल, असे अर्थखाते म्हणेल. बुडवा असे कोणी म्हणतच नाही. मंजूर दरावरचे शुल्क जसेच्या तसे राहू द्या, समायोजनाची रक्कम तेवढी त्यातून वगळा. त्यासाठी आयोगाकडे जाण्याचीही गरज नाही. शुल्काचा कायदा विधिमंडळाचा आहे आणि दुरुस्तीही तिथेच होऊ शकते.