जुन्या पेनीचं तिकीट

वस्तुसंग्रहालय म्हटलं की 'हात लावू नये' ही पाटी आधी डोळ्यांपुढे येते. इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यात क्रिच नावाचं गाव आहे. तिथलं ट्राम संग्रहालय मात्र आत शिरतानाच तुमच्या हातावर जुनी पेनी ठेवतं. १९७१ साली ब्रिटनमध्ये दशमान नाणी आली आणि ही पेनी बाद झाली. आता ती इथल्या ट्रामच्या कंडक्टरला तेवढी चालते. ती दिली की तिकीट मिळतं आणि त्यावर दिवसभर वाटेल तितक्या फेऱ्या मारता येतात.

हे ठिकाण एकट्यानं पाहायचं नव्हे. ट्राम ही मुळातच चारचौघांची गाडी. रिकामी धावली तर ती नुसतीच लोखंड-लाकडाची पेटी. म्हणून इथे सहलीनं यावं, शाळेची असो, निवृत्तांची असो की आमच्यासारख्यांची. तिकडे स्थायिक झालेल्या काही मराठी कुटुंबांबरोबर मी गेलो होतो. आम्ही तीसेक जण, त्यात निम्मी मुलं.

गाडी सुटते ती जुन्या वळणाच्या एका रस्त्यावरून. तिथल्या इमारतीही दुसऱ्या गावांतून हलवून आणलेल्या. 'रेड लायन' हा पब स्टोक शहरातला, तर एका इमारतीचा दर्शनी भाग डर्बीच्या असेंब्ली रूम्सचा. पुढे सुमारे मैलभराचा रूळमार्ग टेकडीच्या अंगानं जातो. ड्रायव्हर उभ्यानं गाडी हाकतो, डाव्या हाताशी विजेची मूठ, उजव्या हाताशी ब्रेक, पायाखाली घंटा. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली की निघायचं, एकदा दिली की थांबायचं.

खरी गंमत शेवटच्या थांब्यावर. ट्रामला तोंड आणि शेपूट नसतं. ड्रायव्हर आपली मूठ काढून दुसऱ्या टोकाला जातो, तारेला टेकलेला दांडा फिरवला जातो. आणि कित्येक गाड्यांत बाकांची पाठ पलीकडे ढकलायची असते, म्हणजे उतारूंचं तोंड पुन्हा पुढे. आमच्या मुलांनी ते काम अंगावर घेतलं. खटाखट बाकं उलटली. गाडीवरची बरीचशी मंडळी हौसेनं, बिनपगारी काम करणारी; पण वेळ पाळतात एसटीपेक्षा बरी.

आमच्यात गिरगावचे एक काका होते, ऐंशी ओलांडलेले. ते मुलांना सांगत होते, "मुंबईत मी एका आण्यात असाच फिरायचो." एका मुलीनं विचारलं, "मग आजोबा, ती ट्राम कुठल्या म्युझियममध्ये आहे?" काकांनी उत्तर दिलं नाही. खिडकीबाहेर पाहत राहिले.

उत्तर अवघड नाही. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, विजेची १९०७ मध्ये, दुमजली १९२० मध्ये. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गाडी गेली आणि कारभार आटोपला. रूळ उखडले, गाड्या मोडीत निघाल्या. बेस्टच्या आणिक आगारातल्या संग्रहालयात छोट्या प्रतिकृती आहेत. दादरच्या चौकाला आपण अजून टी.टी. म्हणतो; त्यातला पहिला टी ट्रामचा, हे तिथे रोज उतरणाऱ्यांनाही सांगावं लागतं. आमच्या घरी अब्बांच्या तोंडी 'ट्रामनं गेलो' हे शब्द इतके असायचे, की ट्राम न पाहता मला तिचे थांबे पाठ झाले.

आता योगायोग बघा. क्रिचला १९६३ मध्ये घोड्याची ट्राम चालू झाली आणि विजेची ट्राम धावली ती १९६४ मध्येच. आपण बंद केली त्याच वर्षी!

यावर कोणी म्हणेल, त्यांच्याकडे पैसा होता, जागा होती. पण हे संग्रहालय सुरू कसं झालं ते ऐका. तेही एका सहलीतच. १९४८ च्या ऑगस्टमध्ये ट्रामवेड्यांचा एक गट साउदम्प्टन शहरात फेरफटक्याला गेला होता. तिथल्या ट्रामगाड्या भंगारात जायला लागल्या होत्या. या मंडळींनी ४५ नंबरची उघड्या टपाची गाडी १० पौंडांना विकत घेतली. तिच्या वरच्या मजल्यावर उतारू मधोमध पाठीला पाठ लावून बसतात. कारण शहराच्या बार्गेट या जुन्या वेशीखालून ती जायची, आणि कमान मध्ये उंच, कडेला ठेंगणी. डोकी शाबूत राहायला हवीत ना!

गाडी घेतली खरी, ठेवायची कुठे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. १९५५ मध्ये संस्था झाली. क्रिचची चुनखडीची जुनी खाण मिळाली ती १९५९ मध्ये, म्हणजे गाडी घेतल्यावर तब्बल अकरा वर्षांनी.

कोणाला सहल न्यायची असेल तर हिवाळ्यात बेत करू नका, तेव्हा संग्रहालय बंद असतं. गट मोठा असेल तर आधी कळवावं. आणि घरातल्या वृद्धांना 'जिना चढवणार नाही' म्हणून मागे ठेवू नका. बर्लिनहून आणलेल्या एका गाडीला व्हीलचेअर वर घेणारा पाळणा बसवला आहे. आमच्या काकांना त्याची गरज पडली नाही. ते चार फेऱ्या करून आले, चौथ्या फेरीला बाकं त्यांनीच उलटवली.