डोंगरातलं गवत कधी कापावं?

पाऊस ओसरला,
की मावळात भातकाढणीची लगबग सुरू होते.
लोणावळ्यापासून पवन मावळापर्यंत सगळेच खाचरात.
डोंगरउतारावरचं गवत मात्र मागे राहतं.
तिथेच नुकसान होतं.

गवत कापायची खरी वेळ कोणती?
फुलोऱ्याची.
निम्म्या गवताला तुरे दिसले,
की विळा लावा.

या वेळी पानं हिरवी असतात,
काडी मऊ असते.
प्रथिनं टिकून असतात.
पुढे बी धरलं, की कस उतरतो.
काडी टणक होते.
जनावर पानं खातं,
काड्या गव्हाणीत टाकतं.

कुसळी गवताची तर घाईच करा.
त्याची कुसळं पिकली,
की टोकदार होतात.
गुरांच्या तोंडात रुततात.

आभाळ निरभ्र पाहून कापा.
पातळ पसरा, उलटवत राहा.
काडी पिळून पाहा.
कडकन मोडली, तरच पेंढ्या बांधा.
ओलं गवत गंजीत तापतं,
बुरशी धरतं.

मात्र सगळं कापू नका,
थोडा पट्टा बियांसाठी राखा.

पुन्हा सांगतो,
गवत पिवळं पडायची वाट पाहू नका.
फुलोरा दिसला, की कापा.